गर्भिणी, घरगुती उपचार आणि आपले मौन

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अथालमधील एका कामगार कुटुंबातील माता दिवस भरण्याआधीच प्रसूत झाली. बाळाचे वजन जेमतेम सोळाशे ग्रॅम, मातेचे हिमोग्लोबिन सहा. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते व ‘उष्ण पडते’ म्हणून चौथ्या महिन्यातच त्या बंद करून नातेवाइकांनी दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या भस्माच्या पुड्या ती घेत होती. ‘‘हे आधी का सांगितले नाही?’’ असे मी विचारताच ती शांतपणे म्हणाली, ‘‘डॉक्टरसाहेब, कुणी विचारलंच नाही. आणि सांगितलं असतं तर तुम्ही रागावला असता.’’

त्या नऊ महिन्यांत मोठ्या मुलाच्या लसीकरणासाठी ती तीनदा माझ्याकडे आली होती. तिची अवस्था मला दिसत होती. मी एका शब्दानेही चौकशी केली नव्हती. पुड्यांमुळेच सारे घडले असे मी म्हणणार नाही. पण लोह थांबले आणि ते आम्हा कोणासही कळले नाही, एवढे निश्चित. पुढे ते बाळ सुखरूप घरी गेले. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

गर्भवतीला तेलाने भरलेल्या पात्राप्रमाणे, हिंदकळू न देता जपावे, असा दृष्टांत चरकसंहितेत आहे. आपल्या समाजात हे जपणे आजही सासूबाई, शेजारीण, दाई आणि वैद्य यांच्याच हाती असते. तेव्हा या साऱ्या उपचारांना सरसकट ‘थोतांड’ म्हणणे जितके अशास्त्रीय, तितकेच ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे मानणेही. विवेक शिकवावयास हवा.

काही गोष्टींना मोकळ्या मनाने होकार द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत मळमळीवर आले आणि कंबरदुखीवर व्यायाम, फिजिओथेरपी व अ‍ॅक्युपंक्चर यांचा पर्याय म्हणून उल्लेख आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील योगासने, हलके मर्दन, संगीत यांना आडकाठी असण्याचे कारण नाही. गर्भसंस्कारांनी मातेचे मन शांत राहत असेल, तर तो लाभ लहान नव्हे. मात्र त्याने बुद्धिमान अपत्य हमखास होते, असा पुरावा नाही. बालरोगतज्ज्ञ म्हणून यातील दुसरी बाजू मी पाहतो. व्यंग असलेले बाळ मांडीवर घेऊन ‘‘मी संस्कारांत कमी पडले का?’’ असे विचारणारी माता मला भेटते, तेव्हा त्या आश्वासनांची किंमत कोण मोजते हे कळते.

काही गोष्टी मात्र ठामपणे नाकारल्या पाहिजेत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतीय बनावटीची आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गर्भवतींमध्ये शिशाची विषबाधा आढळली. शिसे वार ओलांडून गर्भापर्यंत जाते आणि त्याच्या मेंदूस इजा करते. म्हणूनच लेबल नसलेली भस्मे व पुड्या नकोत. कळा याव्यात म्हणून घरच्या घरी एरंडेल नको. आयोडीनयुक्त मिठाऐवजी केवळ सैंधव वापरण्याचा आग्रह नको. गर्भाच्या मेंदूस आयोडीन हवेच. आणि ‘मुलगा होण्याचे औषध’ तर कदापि नको. हरियाणातील अभ्यासांत अशा औषधांचा संबंध मृतजन्म व जन्मजात व्यंगांशी आढळला आहे. शिवाय गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते.

मग शिकवावे कोणी, आणि कसे? माझ्या मते आरंभ प्रश्नापासून व्हावा. ‘‘काही घेत तर नाहीस ना?’’ असा दरडावणीचा प्रश्न नव्हे. तर ‘‘घरचे काय काय देतात? पुढच्या वेळी सारे सोबत आण, आपण मिळून पाहू,’’ असा. सोबत सासूबाईंनाही आत बोलवावे. घरातील निर्णय पुष्कळदा त्यांचाच असतो. लोहाची गोळी का, हेही सांगावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील ५२.२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आहेत. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी हा त्यावरील सरकारी कार्यक्रम आहे. शौचाचा काळा रंग निरुपद्रवी असतो, हे एक वाक्य वेळीच ऐकले असते, तर त्या मातेने गोळ्या बहुधा सोडल्या नसत्या.

सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते. त्या दिवशी आपल्या संस्थेतील एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ व एक पदवीधर वैद्य यांनी मिळून, मराठी, गुजराती, हिंदी आणि शक्य तेथे वारलीतही, अवघी पंधरा मिनिटे संवाद साधावा, अशी माझी नम्र सूचना आहे. वैद्यमित्रांना वगळून हे काम होणार नाही. भेसळीचा सर्वाधिक डाग त्यांच्याच शास्त्राला लागतो.

दमणगंगेच्या काठी आपण स्थिरावलो, येथल्या लेकरांनी आपल्याला ‘डॉक्टर’ म्हणून ओळख दिली. त्यांच्या मातांना निदान एवढा विश्वास वाटावा की, पदराआडची पुडी त्या आपल्यासमोर निःसंकोच उघडतील.