मुदतवाढीला सोकावलेला समाज

प्रवरा नदीवर अकोले तालुक्यात दोन धरणं आहेत. वरचं भंडारदरा, त्याचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. खालचं निळवंडे. त्या प्रकल्पाला १९७० साली मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज होता ७ कोटी ९३ लाख रुपये. डाव्या कालव्यात पाणी सुटायला २०२३ उजाडलं आणि तोवर आकडा ५ हजार कोटींच्या पुढे गेला होता. भंडारदरा बांधणाऱ्या परक्या सरकारचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याला विस्थापितांची समजूत काढावी लागत नव्हती. पण ५३ वर्षांत पाण्याची वाट पाहणारा शेतकरी म्हातारा होऊन जातो, त्याचा नातू पुण्याला कारखान्यात लागतो, आणि आपण जलपूजनाला ढोलताशे लावतो. मान खाली घालायची तिथे आपण फेटे बांधले.

कचेरीत या दुखण्याला एक लाडकं नाव आहे : सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. बारशाला ठेवावं इतकं गोड. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी. खरा आकडा लिहिला तर फाईल अडेल, म्हणून मूळ अंदाजपत्रकच तोकडं करायचं. भूसंपादनाआधी नारळ फोडायचा. भिंत आधी, कालवे सवडीने, चाऱ्या-पोटचाऱ्या पुढच्या पिढीने बघाव्यात. भिंतीपुढे उभं राहून फोटो काढता येतो. पोटचारीपुढे कोण उभा राहणार? विदर्भात गोसीखुर्दची तीच तऱ्हा. १९८८ साली पायाभरणी झाली, ३७२ कोटींचा प्रकल्प १८ हजार कोटींच्याही पुढे गेला.

ठेकेदार आणि पुढाऱ्यांच्या नावाने बोटं मोडून आपण मोकळे होतो. पण संपादनाची कुणकुण लागताच पडीक रानात रातोरात डाळिंबाची रोपं कोण खोचतं? अर्धवट पुलाच्या उद्‌घाटनाला पंगतीत कोण बसतं? जो अभियंता 'हे एवढ्या पैशांत होणार नाही' म्हणतो, त्याची बदली झाली की 'फार ताठ होता' असं पारावर बोलणारे आपणच ना?

आणि नियोजन आपल्याला जमत नाही, ही तर शुद्ध थाप आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात, मुक्काम आधी ठरलेले असतात. संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळे जमतात. चोपदाराने दंड उंचावला की टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, त्याचा निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. कामावर ताबा ठेवणं म्हणजे आणखी काय असतं? आजची तक्रार उद्याच्या मुक्कामावर न्यायची नाही. आषाढी एकादशी एका दिवसाने पुढे ढकला, असा अर्ज कुणा विणेकऱ्याने केल्याचं ऐकलंय?

म्हणजे अक्कल आहे, शिस्त आहे, हिशेबही येतो. फक्त देवाचं ते आपलं आणि सरकारी ते बेवारशी, ही वाटणी आपण मनात पक्की करून टाकली आहे. बेवारशी मालाची कोण कशाला राखण करील!

गेल्या साली आमच्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. टाकी तीन वर्षं अर्धवट उभी आहे. उघड्या गजांना गंज चढलाय, वर कावळ्यांनी घरटं बांधलंय. एक तरुण उठला आणि म्हणाला, "मूळ अंदाजपत्रक वाचून दाखवा." मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस रे, जेवणं खोळंबलीत." सगळे हसले. मीही हसलो. मग रजिस्टर फिरलं, मुदतवाढीचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात एकेचाळिसावी सही माझी आहे.