एकट्याचा प्रवास व हातची विद्या

यंदां इयत्ता दहावीच्या वर्गास "माझी महत्त्वाकांक्षा" या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. डॉक्टर, इंजिनियर व सरकारी अधिकारी यांच्या रांगेंत एक निराळीच वही आमच्या हातीं आली. तींत लिहिलें होतें कीं, मला एकट्यानें जग पाहावयाचें आहे. ज्या देशीं जाईन तेथें मिळेल तें काम करीन, चार पैसे सांठले म्हणजे डोंगरांतून पायीं फिरेन, आणि ते संपले म्हणजे पुन्हां कामास लागेन. पुढें पालकसभेच्या दिवशीं त्या मुलाचे वडील ती वही घेऊन आले व म्हणाले, "सर, हें वेड याला शाळेंत लागलें कीं सिनेमांत?" त्या दिवशीं आम्हांस धड उत्तर देतां आलें नाहीं. तें आज देत आहों, व तें केवळ त्या एका पालकांसाठीं नाहीं.

बापाच्या पैशानें देश पाहून येणाऱ्यांविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. तेहि सुखानें जावोत. प्रश्न आहे तो परमुलुखांत स्वतःच्या मजुरीवर राहून पायीं हिंडणाऱ्याचा. असा मनुष्य भटक्या होतो कीं कांहीं कामाचा होतो, हें कशावर ठरतें? या बाबतींत आमच्या डोळ्यांपुढें जॉन म्यूर याचें चरित्र येतें.

स्कॉटलंडांतील डनबार गांवीं १८३८ सालीं म्यूरचा जन्म झाला, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास तो बापाबरोबर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतीं आला. बाप मोठा कडक. जंगल तोडून शेत करावयाचें. त्यांत पोराचें बालपण नांगरामागें गेलें. एकदां विहीर खणतांना खालीं खडक लागला, तेव्हां जॉनला रोज बादलींतून आंत सोडून छिन्नी-हातोड्यानें तो फोडावयास लाविलें. विहीर नव्वद फुटांपर्यंत गेली, आणि मध्यंतरीं तळाशीं सांचलेल्या विषारी वायूनें पोरगा मरतां मरतां वांचला. हाच मुलगा पहांटे सर्वांच्या आधीं उठून लांकडाचीं घड्याळें बनवी. १८६० सालीं तीं मॅडिसन येथील प्रदर्शनांत मांडलीं गेलीं व लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. पुढें तो विद्यापीठांत गेला, तेथें वनस्पतींचा नाद लागला, परंतु पदवी न घेतांच बाहेर पडला. १८६४ सालीं तो कॅनडांत गेला. (अमेरिकेंत तेव्हां यादवी युद्धाची सक्तीची भरती चालू होती, व ती चुकविणें हाहि त्यांत हेतु असावा असें मानतात. थोरांच्या चरित्रांतील असले पदर झांकून ठेवूं नयेत.) तेथें एका लांकडाच्या कारखान्यांत तो राबला, कारखाना आगींत जळाला, तेव्हां परत येऊन इंडियानापोलिस येथें गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यांत लागला. १८६७ च्या मार्चांत यंत्राच्या पट्ट्याची वादी उसवीत असतां कानस निसटून उजव्या डोळ्यांत घुसली. थोड्याच वेळांत डाव्या डोळ्याचीहि दृष्टि गेली. अंधाऱ्या खोलींत कित्येक आठवडे पडून राहिल्यावर दोन्ही डोळे परत आले. तेव्हां त्यानें ठरविलें कीं, उरलेला उजेड यंत्रांवर खर्चावयाचा नाहीं.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो केंटकी प्रांतांतून दक्षिणेस पायीं निघाला तो सुमारें हजार मैल चालून फ्लॉरिडाच्या समुद्रकांठीं पोंचला. पाठीवर एक लहानशी पिशवी, फुलें-पानें दाबून ठेवण्याचें साधन, आणि नवा करार धरून दोनतीन पुस्तकें, एवढेंच ओझें. वाटेंत डोंगरांतील एका लोहाराच्या घरीं तो रात्रीपुरता उतरला. लोहारानें त्याला सरळच विचारलें कीं, दिवस असे कठीण, देशांत प्रत्येक धडधाकट माणसाच्या हातांची गरज, आणि तूं फुलें वेंचीत फिरतोस, हें पुरुषाचें काम काय? आमच्या पालकांचा प्रश्न तो हाच! म्यूर रागावला नाहीं. त्यानें विचारलें, शलमोन राजा तुमच्या मतें शहाणा होता ना? त्यानेंहि झाडांझुडपांचा अभ्यास केला होता. आणि रानांतील फुलें कशीं वाढतात तें लक्ष देऊन पाहा, असें प्रभु येशूनें शिष्यांस सांगितलें. मग मीं त्याचें ऐकावें कीं तुमचें? लोहार विचारांत पडला, आणि हें आपणांस पूर्वीं सुचलें नव्हतें असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें.

पण केवळ हजरजबाबीपणावर पोट भरत नाहीं. सॅव्हाना शहरीं भावानें पाठविलेले पैसे वेळेवर आले नाहींत, तेव्हां जवळचे पैसे संपत आले म्हणून म्यूर गांवाबाहेरच्या बोनाव्हेंचर नांवाच्या स्मशानभूमींत झाडाझुडपांच्या आडोशास निजूं लागला व कोरड्या बिस्किटांवर दिवस काढूं लागला. चालतांना तोल जाऊं लागला तेव्हां कोठें पैसे आले. तरी कचेरींतील कारकून ते देईना. तूंच जॉन म्यूर कशावरून? म्यूर म्हणाला, भावाच्या पत्रांत मी वनस्पति शोधीत फिरतों असें लिहिलें आहे. माझी वनस्पतिशास्त्राची परीक्षा घ्या. आणि पैसे मिळाले! पुढें सीडर की या बंदरीं तो एका लांकूड कापण्याच्या गिरणींत गेला, तेथील एक अडलेलें काम करून दाखविलें व लगेच नोकरीस लागला. थोड्याच दिवसांत त्याला मलेरियानें गांठलें. गिरणीच्या मालकानें व त्याच्या पत्नीनें त्या अनोळखी वाटसराची महिनोन् महिने शुश्रूषा केली.

तेथून क्यूबा, न्यूयॉर्क व पनामा या मार्गानें तो १८६८ च्या मार्चांत सॅन फ्रॅन्सिस्कोस उतरला, आणि चालतच योसेमिटीच्या खोऱ्याकडे गेला. कॅलिफोर्नियांत त्यानें कापणी केली, मेंढ्या कातरल्या, आणि १८६९ च्या उन्हाळ्यांत एका कळपाबरोबर सिएरा नेव्हाडाच्या उंच कुरणांपर्यंत चढला. आमच्या म्हणण्याचा गाभा येथें आहे. पाहुणा म्हणून जो त्या डोंगरांत गेला त्याला कुरण दिसलें. मेंढ्यांमागें राबणाऱ्या म्यूरला, कळप पुढें सरकल्यावर मागें जी उघडी माती राहते, ती दिसली. नंतर दोन वर्षें तो त्याच खोऱ्यांत लांकूड कापण्याच्या गिरणीवर कामास होता, व सुटीच्या दिवशीं भाकर बांधून खडकांवर चढत असे. राज्याचे मुख्य भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांचें मत असें कीं, जमीन खचून तें खोरें झालें; खडकांवरचे ओरखडे पाहून हा गिरणीवरचा कामगार म्हणूं लागला कीं, तें हिमनद्यांनीं कोरलें. व्हिटनींनीं त्याची हेटाळणी केली. पुढील संशोधनानें हिमनद्यांचा मोठा वांटा मान्य केला. १८९० सालीं योसेमिटीचें राष्ट्रीय उद्यान झालें त्यामागें म्यूरच्या लेखणीचें बळ होतें. हें बळ त्याला मजुरीनें दिलें, असें आमचें मत आहे.

त्याचे दोषहि सांगितले पाहिजेत. त्या खोऱ्यांत राहणाऱ्या मूळच्या लोकांस १८५१ सालीं सशस्त्र तुकडीनें हुसकून लाविलें होतें. म्यूरनें आरंभींच्या लिखाणांत अशा लोकांविषयीं व कृष्णवर्णीयांविषयीं तुच्छतेचे शब्द वापरले. त्यानें १८९२ सालीं स्थापिलेल्या सिएरा क्लबनेंच २०२० सालीं ही गोष्ट उघडपणें मान्य केली. एकटा फिरणारा मनुष्य सर्व पाहतो असें नाहीं.

कोणी म्हणेल, या गोऱ्या लोकांच्या गोष्टी. आमच्या घरांत असें चालावयाचें नाहीं. तर गोव्यांतील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी आठवावे. मुलांच्या एका मराठी मासिकांत बुद्धचरित्र वाचून त्यांना ध्यास लागला, व १८९९ सालीं ते एकटेच घर सोडून निघाले. पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. कोठें अन्नछत्रांत जेवून, कोठें पायीं चालून त्यांनीं संस्कृत व पाली या भाषा मिळविल्या. म्यूरला छिन्नी, तशी कोसंबींना पाली. त्या विद्येच्या बळावर १९१० सालीं अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना एका पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामास बोलाविलें, आणि पुढेंहि ते वेळोवेळीं तेथें गेले. परंतु ते निघाले तेव्हां त्यांच्या पत्नी बाळाबाई लहानग्या मुलीला घेऊन मागें राहिल्या. त्यांच्या त्या वर्षांचा प्रवास कोणीं लिहिला नाहीं. एकट्याच्या प्रवासाचा खर्च पुष्कळदां घरीं राहिलेलें माणूस भरतें. वडिलांच्या रागाच्या मुळाशीं हीच भीति असेल तर ती रास्त आहे, आणि मुलानें ती हंसण्यावारी नेऊं नये.

आतां आजचा व्यवहार. ऑस्ट्रेलिया सरकारनें २०२४ पासून भारतीय तरुणांस एक वर्षाचा असा परवाना देऊं केला आहे कीं, तेथें फिरावें आणि फिरतां फिरतां काम करावें. वय १८ ते ३०, शाळेनंतर निदान दोन वर्षांचें शिक्षण, इंग्रजीचें कामापुरतें ज्ञान, वर्षाला १,००० जागा व निवड सोडतीनें. जवळ सुमारें ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचें दाखवावें लागतें, परतीचें भाडें वेगळें. स्मशानांत निजणाऱ्या म्यूरला हा परवाना मिळाला नसता! गरिबाच्या मुलास ही अट जाचक आहे, हें आम्ही स्पष्ट म्हणतों. पण ती आहे, आणि तिची तजवीज पांच-सहा वर्षें आधींपासून करतां येते. त्या देशाच्या पश्चिम भागांत बिबुलमन नांवाची पायवाट कलामुंडापासून अल्बनीपर्यंत सुमारें १,००० किलोमीटर जाते. वाटेंत मुक्कामासाठीं साधीं छपरें बांधलेलीं आहेत, आणि पेंबर्टनच्या आसपास ती कारी जातीच्या गगनचुंबी झाडांच्या रानांतून जाते. त्याच टापूंत फळबागा आहेत, व तोडणीच्या हंगामांत तेथें हातांची गरज असते. म्हणजे मुलाचा निबंध केवळ कल्पनेचा नव्हे.

मात्र फसवणूकहि खरी आहे. काम देतों म्हणून आधीं पैसे मागणारा दलाल दारांत उभा करूं नये. पारपत्र मालकाच्या ताब्यांत देऊं नये. मजुरीचा दर लेखी घ्यावा. डोंगरांत जातांना आपली वाट व परतण्याचा दिवस कोणास तरी सांगून ठेवावा. आणि उष्टीं भांडीं घासावीं लागतील, त्याची लाज येथेंच सोडून जावें. आमच्या पुष्कळ घरांत मुलगा आपलें ताटहि उचलीत नाहीं, त्यानें परदेशीं कामाच्या गोष्टी कशाला बोलाव्या?

त्या मुलाच्या वडिलांचें मोटारी व पंप दुरुस्त करण्याचें दुकान आहे, आणि मुलगा आजवर तेथें केवळ डबा पोंचविण्यास जात असे. आम्हीं दोघांस पुन्हां बोलाविलें. वडिलांस विचारलें कीं, जळलेल्या मोटारीचें वाइंडिंग याला येतें काय? ते म्हणाले, "हात काळे करायला नकोत म्हणून तर शाळेंत घातला." मुलगा मान खालीं घालून बसला होता. गेल्या दिवाळीपासून तो रोज संध्याकाळीं दोन तास दुकानीं बसतो. त्याच्या आईनें आपली एक अट सांगून पाठविली आहे: कोठेंहि गेलास तरी दर रविवारीं आवाज ऐकूं आला पाहिजे. तो वडिलांकडून कबूल करून घेण्यास आला आहे कीं, वर्षाअखेर पहिला पंप एकट्यानें बांधून दिला, तर उन्हाळ्यांत हरिश्चंद्रगडावर जाऊं द्यावें. वडिलांनीं अजून होकार दिलेला नाहीं.