फक्त मोबाईल लावायचा

"स्वयंपाक तर तुम्ही करताच ना, मग फक्त मोबाईल लावायचा!"

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलं, की आता ते कानावर आलं की हातातलं लाटणं थांबतं. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, सौंसरच्या बसमध्ये ऐकलं, मंदिराच्या पायरीवर चपला शोधता शोधता ऐकलं. बोलणारी माणसं सगळी चांगली, आपलीच. "वहिनी, तुमच्या हातचा गोळाभात, अन् तोही बिनाकांदा-लसणाचा! काहून नाही काढत चॅनेल? नोकरी सांभाळून होते ते. लोकं बसल्या जागी कमावून राहिले."

माझं भांडण चॅनेलशी नाही. बाईने कॅमेऱ्यासमोर उभं राहावं, चार पैसे मिळवावे, तिच्या हाताची चव लोधीखेड्याबाहेर जावी, यात मला आनंदच आहे. माझं भांडण त्या "फक्त" या शब्दाशी आहे. बाईचं जे काम दिसू द्यायचं नसतं, त्याच्या अलीकडे हा शब्द ठेवलेला असतो. फक्त दोन पोळ्या टाक. फक्त पाहुण्यांचं पाहा. आता फक्त मोबाईल लाव.

मी लावून पाहिला आहे, म्हणून बोलते. 2021 चा पावसाळा होता. माझी नोकरी सौंसरला, घर लोधीखेड्यात. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दिवस मावळलेला असतो. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही आणि चूलही नाही. डिसेंबरात तर सूर्य साडेपाचच्या सुमारासच बुडतो, म्हणून तेव्हा मी संध्याकाळचा डबा ऑफिसच्या टेबलावरच पाच वाजता उघडते. मग व्हिडिओ कधी करायचा? रविवारी. आणि रविवारी काय काय असतं? आठवड्याचे कपडे, दळण, निवडणं-टिपणं, येणारे-जाणारे. घरातल्या एका जाणत्या पोराने तोडगा सांगितला, "रात्री शूट करा, शांतता असते. लाईट घेऊन टाका."

लाईट घेतला. गोल, पांढरा, दिवसासारखा उजेड देणारा. आणि एका रात्री, सगळे झोपायला गेल्यावर, मी घरचा नियम मोडला. सांबारवडीचं सारण परतायला घेतलं. पाच मिनिटांत खिडकीतून चिलटं आली, पाकोळ्या आल्या. त्या लाईटभोवती फिरायच्या आणि कढईत पडायच्या. मी चमच्याने काढत होते आणि मोबाईल ते सगळं टिपत होता. रात्री चूल का पेटवायची नाही, हे लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिलं. ते जीव गेले, आणि कशापायी? त्या वड्या घरातलं कोणी खाणार नव्हतं. सासूबाई पाणी घ्यायला उठल्या, दारात थांबल्या, पाहून परत गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकाच रजिस्टरची बेरीज मी दोनदा चुकवली. साहेबांनी तब्येत विचारली. काय सांगणार? सहा व्हिडिओ झाले आणि मी तो लाईट कपाटावर ठेवून दिला.

"तुमच्यात चिकाटी नाही," असं मग एकीने ऐकवलं आणि लगेच नावं मोजली. मधुरा बाचल पाहा, सुमनताई धामणे पाहा. मी दोघींनाही मानते. पण नावं घेताना कहाणी पूर्ण सांगा ना! मधुराताईंनी 2009 मध्ये चॅनेल सुरू केलं ते बँकेची नोकरी सोडल्यानंतर. सारोळा कासारच्या सुमनआजींनी सत्तरीच्या घरात ज्या हातांनी पावभाजी केली, ते हात त्यांचे, पण कॅमेरा, जोडकाम, चॅनेल चालवणं हे नातवाने उचललं. म्हणजे एकीकडे हजेरीपट नव्हता, दुसरीकडे घरातला माणूस मदतीला उभा होता. दोघींचं यश खरं आणि कष्टाचं. पण त्यातून "दहा ते साडेपाच नोकरी कर आणि उरलेल्या वेळात एकटीने चॅनेल चालव" हा धडा कुठून निघाला? तो धडा त्या दोघींनी दिलेलाच नाही. आपण त्यांच्या नावावर खपवतो.

आता हिशोब मांडू. गोळाभात एरवी माझा पाऊण तासात होतो. तोच कॅमेऱ्यासमोर करायचा तर अडीच तास. प्रत्येक पायरीला थांबा, ओटा पुसा, पंखा बंद करा, शेजारच्या मिक्सरची घरघर संपायची वाट पाहा. मग आवाज द्या, तुकडे कापा, जोडा, वरचं चित्र करा, लिहा, लोकांना उत्तरं द्या. माझे तरी एका व्हिडिओमागे आठ तास जात. आठ तास म्हणजे नोकरीचा पुरा एक दिवस. आठवड्याला एक व्हिडिओ म्हणजे सहा दिवसांची नोकरी करणाऱ्या बाईचा सातवा दिवसही गेला.

आणि पैसा? यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला मोठ्या व्हिडिओंसाठी 1000 सदस्य आणि 12 महिन्यांत लोकांनी पाहिलेले 4000 तास लागतात. एक माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला असं धरा. 4000 तास भरायला 80,000 वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. वर्षभर दर रविवारी एक टाकला, तरी प्रत्येकाला दीड हजारांवर पाहणारे हवेत. तेवढं जमलं तर दार उघडतं. त्यानंतर जाहिरातीच्या पैशातला 55 टक्के वाटा आपला. तोही 100 डॉलर जमल्याशिवाय खात्यात येत नाही. अशक्य नाही हे. पण "बसल्या जागी" म्हणणाऱ्याने एकदा माझ्या जागी बसून पाहावं.

सरकारी नोकरीतल्या बायांना आणखी एक सल्ला मिळतो, आणि तो मला सगळ्यात जास्त झोंबतो. "चॅनेल नवऱ्याच्या नावावर घ्या, म्हणजे प्रश्नच नाही." वा! केंद्राचे 1964 चे वर्तणूक नियम घ्या नाहीतर मध्य प्रदेशाचे 1965 चे, खासगी धंदा करायचा तर आधी परवानगी लागते. केंद्राच्या नियमांत तर घरातलं कोणी धंदा करत असेल तेही कळवावं लागतं. म्हणजे नवऱ्याचं नाव लावून पळवाट नीट होतही नाही. पण नियम बाजूला ठेवा. पाककृती तुझी, हात तुझे, आवाज तुझा, गेलेली झोप तुझी, आणि खातं त्याचं? ज्या बाईने शिकून, परीक्षा देऊन स्वतःच्या नावावर पगार आणला, तिनेच कमाई परत दुसऱ्याच्या नावावर लिहून द्यायची? लेखी अर्ज करा, परवानगी मागा, मिळाली तर स्वतःच्या नावाने काढा आणि मिळकत रिटर्नमध्ये दाखवा. नाही मिळाली तर आवड म्हणून चार व्हिडिओ पैशाविना टाका. पण नाव आपलं ठेवा.

कोणी म्हणेल, बाईला पुढे जायचं तर थोडी झोप मोडावीच लागते, पहाटे चारला उठा. हे चारला उठणं फक्त बायांनाच का सांगतात? देशाची वेळ-वापर पाहणी झाली 2024 मध्ये. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात आणि पुरुष 88. फरक 201 मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. चॅनेलसाठी वेळ शोधता ना? तो पहाटे चारला नाहीये. तो या 201 मिनिटांत आहे. झोपेतून काढायची गरज नाही. घरातल्या दुसऱ्या हातांनी थोडा उचलला की झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चॅनेल म्हणजे काम आहे. त्याला छंद म्हणू नका, कारण छंद म्हटलं की त्याला ना वेळ द्यावा लागतो ना माणूस. काम म्हटलं की घराला विचारावं लागतं, की हिच्या डोक्यावरचं कोणतं काम उतरवायचं. ते उतरत नसेल तर चॅनेल काढू नका, आणि न काढल्याची लाजही बाळगू नका. आणि उतरलं, तर नोकरीवाल्या बाईसारखी या कामाला योग्य बाई नाही. तिचा पगार सुरू असतो. पाहणारे चार आहेत की चारशे, यावर तिच्या घरची डाळ अवलंबून नसते. ती महिन्याला एकच व्हिडिओ करेल, दिवसाच्या उजेडात करेल, आणि जे शिजवेल ते घरचे जेवतील. तिला घाई करण्याचं कारणच नाही.

माझी भाची शाळेत शिकवते. मागच्या महिन्यात फोन आला, "मावशी, बिनाकांद्याच्या पदार्थांचं चॅनेल काढू का? सगळे म्हणून राहिले, तू तर करतेसच, फक्त मोबाईल लावायचा."

मी म्हटलं, "काढ ना बाई. जरूर काढ. माझा लाईट पडला आहे, तोही घेऊन जा, पण दिवसाच लाव. फक्त आधी एक ठरव, रविवारच्या पोळ्या कोण लाटणार?"

फोनवर थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "घरी विचारून सांगते."

तीन आठवडे झाले. लाईट अजून माझ्याच कपाटावर आहे.