सकाळची शाळा आणि बालकांची निद्रा

होळी आटोपली की विदर्भात शाळांची वेळ बदलते, आणि हा शिरस्ता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या झोपेची काय वाट लागते, याची चौकशी करण्याची आवश्यकता पालकांना, शिक्षकांना अथवा शिक्षण खात्याला क्वचितच भासते. २०२५ सालच्या मार्चअखेरीस खात्याने उष्म्याच्या कारणास्तव राज्यातील शाळा सकाळच्या सत्रात भरवण्याचा हुकूम काढला, आणि त्यान्वये प्राथमिक शाळा सातपासून सव्वाअकरापर्यंत, तर माध्यमिक शाळा सातपासून पावणेबारापर्यंत भरू लागल्या. ज्या नागपुरात वैशाखातला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे लहान मुलांना भर दुपारी दप्तर पाठीवर घेऊन घरी पाठवणे हे क्रौर्यच ठरले असते, म्हणून हा हुकूम योग्य होता याविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्यापूर्वी, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी, शासनाने आणखी एक निर्णय जारी केला होता, आणि तोही तितकाच योग्य होता: मुलांना पुरेशी झोप मिळावी, या हेतूने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतरच भरवावेत, असे त्यात फर्मावलेले होते. दोन्ही निर्णय बालकांच्या हितासाठीच झाले. परंतु २०२४ चा निर्णय नऊ वाजता आणि २०२५ चा सात वाजता वर्ग भरवतो, आणि या दोहोंमधले दोन तासांचे अंतर ओलांडण्याची जबाबदारी, कोणतीही पूर्वतयारी न करता, एका रात्रीत, घरातल्या सर्वांत लहान माणसावर येऊन पडते.

दोन तास म्हणजे किती, हे समजण्यासाठी परदेशाकडे पाहावे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी सारी घड्याळे एक तास पुढे सरकवली जातात, आणि त्या एका तासाच्या फरकाने लहान मुले आठवडाभर चिडचिडी होतात, रात्री लवकर निजत नाहीत आणि सकाळी उठत नाहीत, म्हणून तेथील बालरोगतज्ज्ञ आधीपासूनच पालकांना सूचना देऊ लागतात. ही प्रथाच बंद करावी असा कौल युरोपीय संसदेने २०१९ साली दिला, जरी त्याचा अंमल अद्याप झालेला नाही. आपल्या देशातही महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळे एक तास पुढे ठेवलेली होती. त्यानंतर मात्र दरवर्षी घड्याळे सरकवण्याची प्रथा भारतात रुळली नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे असा प्रश्न उद्भवतच नाही अशी समजूत रूढ झाली आहे. घड्याळ स्थिर राहिले हे खरे. परंतु शाळेची घंटा सरकली, तर मुलाच्या शरीराला त्याचा हिशेब तोच द्यावा लागतो, आणि तो आपल्याकडे त्या देशांच्या दुप्पट असतो. ज्या शाळा दोन पाळ्यांत चालतात आणि जेथे धाकटे वर्ग दुपारी भरत असतात, तेथे तर हे अंतर दुपटीहूनही अधिक होते.

शरीराला हुकूम समजत नाही, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. मेंदूत एक कालमापक केंद्र असते, डोळ्यांवाटे आत येणाऱ्या प्रकाशावरून ते दिवस आणि रात्र ओळखते, आणि अंधार पडू लागला की मेलाटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडण्याची आज्ञा देते, त्यामुळे देहाला निद्रेची तयारी करता येते. हे केंद्र प्रतिदिनी थोडेसे पुढे-मागे सरकू शकते, एकदम दोन तास सरकू शकत नाही. मुलांच्या बाबतीत प्रकाशाचा प्रभाव अधिकच तीव्र असतो: कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या काही बालकांना निजण्याआधी तासभर प्रखर उजेडात ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्यातील मेलाटोनिनचे प्रमाण जवळजवळ नऊ-दशांशाने घटलेले आढळले. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास निद्रा हवी, असे निद्राविज्ञानाच्या तज्ज्ञांचे मत आहे. सातच्या शाळेसाठी ऑटो सव्वासहा-साडेसहाला दारात येतो, म्हणजे मूल साडेपाचला उठले पाहिजे. आणि त्याला रात्री निदान नऊ तास मिळायचे, तर ते साडेआठला निजले पाहिजे. शिवाय नागपूरचा सूर्य प्रमाणवेळेहून सुमारे चौदा मिनिटे मागे चालतो, त्यामुळे मार्चअखेरीस साडेपाचला बाहेर अंधारच असतो, हेही विसरून चालणार नाही.

आता हे साडेआठचे गणित जरीपटक्याच्या रस्त्यावर नेऊन पाहावे. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरात ही वस्ती उभी केली, आणि तिचे आयुष्य प्रारंभापासूनच बाजारपेठेच्या वेळापत्रकाने चालत आले. उन्हाळ्यात दुपारी चार-पाच तास रस्ता निर्मनुष्य असतो; गिऱ्हाईक सूर्यास्तानंतर बाहेर पडते, रात्री आठ-नऊच्या सुमारास दुकाने खचाखच भरतात, आणि दुकान वाढवून कर्ता पुरुष घरी पोचेपर्यंत दहा-साडेदहा वाजतात. दिवसभर न दिसलेले वडील तेव्हा दिसतात, म्हणून मूल त्यांची वाट पाहत जागे राहते, आणि आईही त्याला जबरीने झोपवत नाही, कारण ती भेट तिला मोडवत नाही. भिंती दिवसभर तापलेल्या असतात, आणि रात्री अकरापर्यंत त्या उष्णता सोडत राहतात. ज्या घरात एकच कूलर आहे, तेथे सारे कुटुंब त्या एका खोलीत, एकाच उजेडात आणि एकाच दूरचित्रवाणीसमोर बसलेले असते. शाळेतून साडेअकराला परतलेले मूल जेवून कूलरसमोर जे निजते ते पाच वाजताच उठते, ऊन उतरल्यावर आठ-नऊपर्यंत गल्लीत खेळते, आणि मग त्याला अकरापूर्वी झोप येत नाही. या सर्वांत दोष कोणाचाच नाही. ही ऋतूची आणि पोटापाण्याच्या धंद्याची जबरदस्ती आहे, आणि अशा घराला “मुलांना लवकर निजवा” एवढाच उपदेश करणे म्हणजे त्याची अडचण न ऐकताच निकाल देणे होय.

परंतु अडचण खरी असली, तरी तिच्यातून वाट निघते. पहिली गोष्ट अशी, की आरंभ रात्रीपासून नव्हे, सकाळपासून करावा. लवकर निजवलेले मूल अंथरुणात तळमळत राहते. लवकर उठवलेले मूल रात्री आपोआप पेंगते. सकाळच्या शाळेच्या आठ दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटे अलीकडे उठवत गेले, तर दोन तासांचे अंतर नेमके आठ दिवसांत सरते. आणि उजाडल्याबरोबर त्याला गच्चीवर, अंगणात किंवा निदान खिडकीत उजेडात आणावे, कारण फाल्गुन-चैत्रातल्या नागपूरच्या सकाळच्या त्या कोवळ्या प्रकाशाइतके शरीराचे घड्याळ अलीकडे ओढणारे दुसरे साधन नाही. त्याच बेताने जेवण, स्नान आणि खेळ यांच्या वेळाही सरकवाव्या, कारण फक्त निद्रेची वेळ बदलून भुकेची तीच ठेवली, तर दोहोंचे भांडण जुंपते.

दुपारची झोप बंद करू नये. जेथे साडेआठला निजणे शक्यच नाही, तेथे तीच रात्रीची तूट भरून काढते. मात्र ती एक-दीड तासाची असावी, आणि तीन वाजण्याच्या आत मूल उठलेले असावे. हा नियम कटाक्षाने पाळला, तर रात्री नऊ-सव्वानऊला निद्रा येणे अशक्य राहत नाही. निजण्यापूर्वीच्या तासात दिवा मंद करावा, मोबाईल दृष्टीआड ठेवावा, निजायच्या खोलीत कूलर अर्धा तास आधी पाणी भरून सुरू करावा, आणि मग हातपाय धुणे, दूध, गोष्ट, अंथरूण असा जो काही क्रम घरात ठरला असेल, तो रोज त्याच अनुक्रमाने पार पाडावा. हा क्रम लहान मुलाला वेळेचा बोध करून देतो, कारण त्याला घड्याळ वाचता येत नसले तरी गोष्टीनंतर काय येते हे पक्के ठाऊक असते.

वडिलांच्या भेटीचा प्रश्न यांत सर्वांत नाजूक आहे. आमचे या बाबतीत इतकेच सांगणे आहे, की उन्हाळ्याचे दोन महिने ही भेट रात्रीऐवजी सकाळी व्हावी. दुकान दहाला उघडते. साडेपाच ते साडेसहा या वेळात मुलाला उठवणे, त्याचा डबा भरणे, त्याला ऑटोपर्यंत पोचवणे ही कामे वडिलांनी स्वतःकडे घेतली, तर रात्रीच्या थकलेल्या अर्ध्या तासापेक्षा अधिक चांगला सहवास त्या दोघांना लाभेल. रविवारी मात्र पूर्ण सूट देऊ नये. दालपकवानाची न्याहारी नऊला करायची असली तरी मूल सातच्या आत उठलेले असावे, नाहीतर आठ दिवसांची मेहनत एका सुट्टीत वाया जाते.

याच दिवसांत गुढीपाडवा, त्याला लागूनच सिंधी समाजाचा चेटीचंड, मग रामनवमीची शोभायात्रा आणि १४ एप्रिलला शेजारच्या इंदोऱ्यासह साऱ्या उत्तर नागपुरात उसळणारा डॉ. आंबेडकर जयंतीचा आनंदसोहळा येतो. त्या रात्री मुलांना जागू द्यावे. एका रात्रीच्या जागरणाने काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उठवले म्हणजे झाले; आणि झोपेच्या नावाखाली लेझीम, झेंडे आणि मिरवणुकीचा उजेड यांपासून बालपणाला वंचित करणे आम्हाला मान्य नाही.

मूल अपुऱ्या निद्रेने त्रासले आहे, हे ओळखणे कठीण असते, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. मोठा माणूस थकला की मंदावतो. लहान मूल थकले की उलट अधिक धावते, क्षुल्लक कारणावरून रडते, हट्ट करते, वर्गात शेजाऱ्याला मारते. एप्रिलमध्ये ज्या मुलांविषयी “फार खोडकर झाला आहे” अशी तक्रार शाळेतून येते, त्यांतल्या कित्येकांना शिक्षेपेक्षा आणखी एका तासाच्या झोपेची गरज असते. शिक्षिकांनी हे ध्यानात घेतले, तर पुष्कळ निरपराध गाल थपडांपासून वाचतील. जूनच्या उत्तरार्धात विदर्भातील शाळा पुन्हा उघडतात, तेव्हा सुट्टीत बिघडलेली घडी बसवण्यासाठी हाच उपाय पुन्हा योजावा.

घराने एवढे केल्यावर काही कर्तव्य सरकारच्या वाट्यालाही उरते. मार्चच्या अखेरीस हुकूम निघतो आणि तत्काळ त्याचा अंमल सुरू होतो, ही पद्धत मुलांवर अन्याय करणारी आहे. ऊन दरवर्षी येते, त्याची वार्ता खात्याला अकस्मात मिळते असे नाही. शिक्षण संचालकांनी सकाळच्या सत्राची तारीख निदान पंधरा दिवस अगोदर जाहीर करावी, जिल्हा परिषदेच्या व महानगरपालिकेच्या शाळांनी ती पालकांना लेखी कळवावी, आणि पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी पहिला आठवडा आठ वाजता व त्यानंतरच सात वाजता शाळा भरवण्याची तजवीज व्हावी. मार्चमधले ऊन एवढी सवलत देण्याइतके सौम्य असते. येत्या होळीपूर्वी तसे परिपत्रक निघावे, ही आमची विनंती आहे.