भिंत तयार आली, बांबू कुणाचा?



द्राक्षांच्या कामावरनं माणसं घरी परतली की पाड्यापाड्यात घरकुलाचा विषय निघतोच. यंदा त्यात नवी भर पडली. एक ठेकेदार कागद दाखवत फिरतोय. कारखान्यात ओतलेल्या भिंती ट्रकनं आणायच्या, बोल्ट मारून उभ्या करायच्या, आठ दिवसांत घर तयार. तुम्ही फक्त पासबुक आणि अंगठा द्या, म्हणतो.

तयार भिंतीला आमचा विरोध नाही. ही रीत तर आपलीच. कारवी आणायची, कामट्यांनी बांधून कूड करायचा, मेढींमध्ये उभा करायचा, मग बाया शेणमातीनं सारवतात. घर हलवायचं तर मेढी, आढं, वासे सोडवून दुसरीकडे न्यायचे. आपल्या म्हाताऱ्यांनी त्याला प्रीफॅब म्हटलं नाही, एवढंच.

कुडाला खोडही आहे. भुंगा लागतो, पावसाच्या झडीनं सारवण गळतं, दरसाल डागडुजी. पोरांना पक्कं घर हवंय यात चूक काय? पण हिशोब बघा. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ साली आली तेव्हा २५ चौरस मीटरच्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. जिथं रस्ता पाड्याच्या अलीकडेच संपतो, तिथं वाळू-सिमेंट डोक्यावरनं नेण्यातच पैसा जिरतो आणि भिंती छताविना उभ्या राहतात. अशा पाड्याला दोघांनी उचलावी अशी हलकी भिंत पाहिजे. ठेकेदाराची अख्खी काँक्रीटची भिंत उचलायला क्रेन लागते. क्रेन कुठनं चढणार, ते त्याच्या कागदावर नाही.

हलकी भिंत बांबूची होते. सिंधुदुर्गात कुडाळची कोनबॅक संस्था बांबूला औषध देऊन, भाग आधी तयार करून बांधकामं उभी करते. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात आदिवासी पोरं बांबूचं काम शिकली. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेल्या बांबूला सहजासहजी भुंगा लागत नाही. पेठ-सुरगाण्यात हे का होऊ नये?

गाडी अडते ती बांबू कुणाचा इथं. २००६ चा वनहक्क कायदा बांबूला गौण वनउपज म्हणतो आणि त्याची मालकी आपल्याला देतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हातात बांबू वाहतुकीचे पास २७ एप्रिल २०११ ला आले, तेही भांडून. आपले कितीतरी सामूहिक दावे अजून फायलीतच. वर काही ठिकाणी सांगतात, पट्टा कसायला आहे, घर बांधायला नाही. खोटं आहे हे. कलम ३ मधल्या पहिल्याच हक्कात राहण्यासाठी असं स्पष्ट लिहिलंय.

आणि ठेकेदाराचं म्हणाल, तर आवास योजनेत घर ज्याचं त्यानंच बांधायचं, ठेकेदार लावायचा नाही, असा नियम आहे. हप्ते थेट खात्यात येतात. मग याला पासबुक कशाला पाहिजे?

कुणी अंगठा दिला असेल तर लाजू नका, गावकमिटीला लगेच सांगा. येत्या ग्रामसभेला दाव्याची पोच आणि पट्ट्याची झेरॉक्स घेऊन या. कूड बांधता येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही आणा. बांबूचं काम शिकायला कोणती पोरं पाठवायची ते त्यांच्यासमोरच ठरवू.