पवनेच्या पाण्याचा हिशेब

नऊ ऑगस्ट उजाडतो तेव्हा मावळातली भातलावणी बहुधा उरकलेली असते. एका खाचरातले पाणी बांध ओलांडून खालच्या खाचरात उतरत असते, श्रावणाची चाहूल लागलेली असते, आणि भुशी धरणाच्या वाटेवर शहरातून आलेल्या गाड्यांची रांग लागलेली असते. क्रांतिदिन म्हणून आपण हा दिवस पाळतो, जागतिक आदिवासी दिन म्हणूनही पाळतो. मावळाने त्याला २०११ पासून आणखी एका स्मरणाची जोड दिली आहे. पवना धरणाचे पाणी बंदिस्त जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर त्या दिवशी बऊर येथे, द्रुतगती मार्गावर, पोलिसांनी गोळीबार केला. तिघे गेले, त्यांत एक स्त्री होती.

दरवर्षी आपण त्यांना अभिवादन करतो. पण ज्या प्रश्नासाठी ते रस्त्यावर उतरले, त्याचा अभ्यास हाही त्या अभिवादनाचाच भाग मानायला हवा. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते, तेव्हा वाटेतल्या विहिरींना पाझर राहतो, काठावरच्या मोटारी चालतात, गावच्या नळयोजनेला आधार मिळतो. तेच पाणी थेट नळातून गेले, तर चैत्र-वैशाखात या पात्राचे काय होईल? दुसरीकडे, वाटेत सांडपाणी मिसळलेले पाणी शहरातल्या कामगारवस्तीने का प्यावे, हाही न्यायाचाच प्रश्न आहे. दोन्ही बाजूंच्या घरांत तहान खरी आहे. म्हणूनच कोण किती देतो आणि कोणाला किती मिळते, हे आधी मोजावे लागते. गोळीबारानंतर या योजनेला मिळालेली स्थगिती २०२३ मध्ये उठली, तेव्हापासून तर ही मोजणी अधिकच निकडीची झाली आहे.

मावळाला हे देणे नवे नाही. वळवण, शिरवता, ठोकळवाडी येथे अडवलेले, एरवी पूर्वेकडे वाहिले असते असे पाणी घाट उतरून विजेसाठी कोकणात जाते. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून चालू आहे. शेजारच्या मुळशीत अशाच धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांच्या नावाशी तो कायमचा जोडला गेला.

अभ्यास जमिनीला धरून असला की काय होते, तेही याच तालुक्याने पाहिले आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोराच्या वाणावर काम करून १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ दिला. आज तो आपल्या ताटात आहे. बियाण्यासाठी जे जमले, ते पाण्याच्या धोरणासाठी का जमू नये? माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ३१ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे बऊरच्या गोळीबाराच्याच महिन्यात, सादर केला. निर्णयाची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी, हा त्याचा गाभा होता. तो लोकांसमोर यायला मात्र पुढच्या वर्षीचा मे उजाडला.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून आहे, विद्यापीठ आहे, पाण्यावर आयुष्य घातलेले अभ्यासक आहेत. त्यांच्या हातच्या नोंदवह्या पवनाकाठच्या गावांत उघडल्या जाव्यात, उन्हाळ्यातल्या विहिरींची पातळी गावकऱ्यांसोबत मोजली जावी, आणि आलेले आकडे आधी मराठीतून ग्रामसभेत वाचले जावेत, मग मंत्रालयात. कामाला आरंभ कुठून करावा, याचाही शोध घ्यावा लागणार नाही. पवना धरण पुरे होऊन अर्धशतक उलटले, तरी पुनर्वसनाची वाट पाहणारी धरणग्रस्त कुटुंबे मावळात आजही आहेत. पहिली यादी त्यांची व्हावी.