अतिशहाणं अवतरणचिन्ह

परवा भाची घरी आली ती चेहरा पाडूनच. बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. चहाचा कप हातात घेता घेता म्हणाली, ‘मावशी, मला कॉम्प्युटर जमणारच नाही गं. कॉमर्स घेतलं असतं तर बरं झालं असतं.’

झालं होतं असं, की सरांनी फळ्यावर लिहिलेला पायथनचा चार ओळींचा प्रोग्रॅम तिने मोबाइलच्या नोट्समध्ये उतरवून घेतला. लॅबमध्ये तोच मजकूर चिकटवला, तर चूक! तीनतीनदा तपासला. अक्षर न् अक्षर बरोबर. कॉम्प्युटर म्हणतोय ‘अवैध अक्षर’. पण कुठलं? तास संपला आणि शेजारचा मुलगा हसून म्हणाला, ‘मुलींचं हे असंच.’

आम्ही दोघी चष्मे लावून बसलो तेव्हा चोर सापडला. अवतरणचिन्ह! तिने टाइप केलं होतं सरळ ("). नोट्सने तिला न विचारता ते वळणदार (“ ”) करून टाकलं.

आपल्या डोळ्याला दोन्ही सारखीच. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ ऐकायला सारखे असले तरी अर्थ वेगळा ना? तसंच हे. कॉम्प्युटरच्या लेखी सरळ चिन्हाचा क्रमांक ३४, तर वळणदार जोडीचे ८२२० आणि ८२२१. पायथनला सरळच लागतं. टाइपरायटरवर कळा वाचवायला उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चिन्हांऐवजी एकच सरळ चिन्ह ठेवलं, तेच पुढे कॉम्प्युटरच्या भाषांत गेलं. छपाईत मात्र वळणदारच शोभून दिसतं. म्हणून सॉफ्टवेअर ते परस्पर ‘सुधारतं’. बचत गटाच्या हिशेबाचं एक्सेलचं सूत्र असं नोट्समध्ये ठेवलंत, तर तेही रुसून बसेल.

उपाय सोपा आहे, मैत्रिणींनो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड इथे जाऊन ‘स्मार्ट पंक्च्युएशन’ बंद करा. २०१७ साली आयओएस ११ पासून ते आलंय, आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करण्याचा उद्योगही त्याचाच. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस इथे ‘स्मार्ट क्वोट्स’ची खूण काढा. वर्डमध्ये ऑटोकरेक्टच्या पर्यायांत ‘ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप’ इथे हेच सापडेल. तेवढ्यापुरतं हवं असेल तर चिन्ह वळताक्षणी कंट्रोल आणि झेड दाबा, ते परत सरळ होतं. पण लक्षात ठेवा, सेटिंग बंद केल्याने आधीची वाकडी चिन्हं आपोआप सरळ होत नाहीत. ती शोधून बदलावी लागतात. कॉम्प्युटर हाताशी असेल तर कोड साध्या नोटपॅडमध्येच ठेवावा, हे उत्तम.

पण माझं म्हणणं सेटिंगपुरतं नाही. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तो थेट प्रोग्रॅमच्या खिडकीत टाइप करतो, त्याला हा चकवा लागतच नाही. फसते ती, जिच्याकडे फक्त फोन आहे. म्हणजे आमच्या गावच्या कितीतरी पोरी! पहिल्याच तासाला ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, तर कोणाचं काय बिघडेल? पत्रं, कथा लिहिणाऱ्यांना वळणदार चिन्हं जरूर मिळोत. पण लिहिणारीचं लिखाण बदलायचं तर आधी तिला विचारावं, एवढी रीत सॉफ्टवेअरलाही हवी.

आपल्याकडे भाजी खारट झाली तरी आधी बाईच स्वतःला दोष देते, मग मीठ जास्त खारं का असेना. भाचीनेही तेच केलं. चूक एका चिन्हाची होती आणि ती निघाली होती शिक्षणच सोडायला.

तेव्हा तुमच्या घरातली पोर ‘मला जमत नाही’ म्हणाली, तर ‘राहू दे मग’ म्हणू नका. म्हणा, ‘आण बघू इकडे, कुठे अडलंय ते दोघी मिळून बघू.’